मालक पायाकडून येतात

शहाड स्टेशनवरून नदीकडे निघालं की एक दुमजली चाळ लागते. तिच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत हौसाबाई जगदाळे राहतात. मूळच्या खटाव तालुक्यातल्या. नवरा इथल्या एका कारखान्यात फिटर होता, म्हणून चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी शहाडला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा सुदेश ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला, सून शिवानी घरी.

गेल्या वर्षी जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला मी त्यांच्या दारात उभी राहिले. मी मेघना साळवे, नर्स. कल्याण पूर्वेला राहते. आमच्या संस्थेचं ऑफिस ठाण्यात नौपाड्याला आहे आणि काम आहे पासष्टीच्या पुढच्या माणसांची घरोघरी तपासणी. हृदयाचं दुखणं म्हटलं की लोकांना छातीतली कळ आठवते. आम्ही शोधतो ते असं कळ देऊन येत नाही. हृदय थकत जातं, रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, आणि अंगात पाणी साचायला लागतं. आधी पायात, मग पोटात, मग फुप्फुसात. डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात. माणूस म्हणतो, वय झालं.

हौसाबाई दाराजवळच्या स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून मेथी निवडत होत्या. मी फॉर्म काढला.

"मावशी, जिना चढताना दम लागतो?"

"न्हाय."

"खाली वाकलं की? पाणी भरताना, लादी पुसताना?"

"न्हाय."

"पाय सुजतात?"

"न्हाय गं बाय. मला काय धाड भरलीय?"

लुगड्याचा काठ त्यांनी पावलांवर ओढून घेतला होता. मी खाली बसले, काठ जरा वर केला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला, आणि अंगठा काढला तरी तसाच राहिला. शिवानीने तो बघितला आणि ओठ चावला.

मी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. आमचं छोटं यंत्र आहे, हृदयावर किती ताण आहे त्याचा आकडा त्यावर पंधरा मिनिटांत कळतो. तोवर वेळ होता म्हणून विचारलं, "झोपताना किती उशा घेता?"

"उशी कशाला? म्या आडवी होतच न्हाय."

"आई, ते नको ना आता," शिवानी म्हणाली, आणि चहा टाकते सांगून आत गेली.

हौसाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आडवं झालं की मालक येत्यात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. पाहुणे येतात असं सांगावं तसं सांगत होत्या. "तुला वाटंल दारातनं येत असतील. तसं न्हाय. पायाकडनं येत्यात. आधी पाय धरत्यात. पाय जड होतो, शिशाचा. मग हळूहळू वर सरकत्यात. मांड्या, प्वाट. मग छातीवर येऊन बसत्यात. आणि त्यांचा घसा वाजतो."

"घसा?"

"बारीक. चुलीत वली लाकडं घातल्यावर कशी चुरचुरत्यात, तसा. शेवटी शेवटी त्यांचा तसाच वाजायचा. तो आवाज माझा न्हाय, त्यांचाच हाय. म्या वळखते की. उठून बसलं की उतरत्यात."

माझ्या वडिलांनी, आबांनी आम्हा भावंडांना भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नाही हे पाढ्यांबरोबर शिकवलं. पाणी आधी पायात साचतं, आडवं झालं की वर चढतं आणि फुप्फुसात बारीक चुरचुर ऐकू येते, हे मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकले. त्या बाईने पुस्तकातलं पान ओळीओळीने सांगितलं होतं. तरी त्या खोलीत भर दुपारी माझ्या हातावर काटा आला.

यंत्राने आकडा दाखवला. जिथे सव्वाशेच्या आत हवा होता, तिथे तीन हजारांच्या वर होता.

इकोसाठी त्यांना नौपाड्याला आणायचं ठरलं. सुदेश अर्धा दिवस सुट्टी टाकून आला होता. डॉ. समीक्षा लेले आमच्या प्रमुख. त्यांनी हार्ट फेल्युअरची शंका सांगितल्याबरोबर सुदेश चिडला. "हार्ट फेल म्हणजे? आई चालतेय, बोलतेय. फेल झालं असतं तर ती इथे आली असती का?"

"फेल म्हणजे बंद नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "दमलंय ते. औषधांनी त्याचं ओझं कमी करता येतं."

हौसाबाईंना डाव्या कुशीवर झोपवलं, तेव्हा दोन मिनिटांत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आले," त्या पुटपुटल्या. "आले बघ." ओठ निळसर झाले होते. आम्ही पलंगाचं डोकं उंच केलं आणि डॉक्टरांनी घाईघाईने चित्र घेतलं. पडद्यावर हृदयाची भिंत हलत होती, पण आळसावल्यासारखी.

"ते काय हाय?" हौसाबाईंनी विचारलं.

"तुमचं हृदय, मावशी."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालकांचं काढलं असतं तर असंच दिसलं असतं काय?"

मी त्यांच्या छातीवरचा जेल पुसला. पुढचा पेशंट बाहेर बसला होता.

गोळ्या सुरू झाल्या. एक लघवीवाटे पाणी काढणारी, बाकीच्या हृदयाला आधार देणाऱ्या. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. तीन आठवड्यांत साडेचार किलो वजन उतरलं. ते सगळं पाणी होतं. एके दिवशी शिवानीचा फोन आला, आनंदाने आवाज चढलेला. "ताई, आई आज जेवून पाय पसरून झोपली! घोरतेय चक्क!"

मी दोन दिवसांनी गेले. हौसाबाई खाटेवर बसल्या होत्या. घोटे दिसत होते, चेहऱ्याची सूज गेली होती. मला बरं वाटलं. त्यांना मात्र बरं वाटलेलं दिसेना.

"कुठं गेले गं?" त्यांनी विचारलं.

"मावशी, ते पाणी होतं. अंगात साचलेलं. गोळीने निघून गेलं."

"पाणी व्हय," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड केलं. मी फॉर्मवर 'सुधारणा' असं लिहून जिना उतरले. पुढे किती दिवस मला ती खिडकीकडे वळलेली मान आठवत राहिली. त्या दिवशी पाच मिनिटं जास्त बसले असते तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. फुप्फुसं पाण्याने भरली होती. शिवानी रडत होती. घरात तांदळाच्या डब्यात गोळ्या सापडल्या होत्या, बत्तीस दिवसांच्या, फडक्यात गुंडाळलेल्या. हौसाबाई रोज सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकायच्या, पाणी प्यायच्या आणि सुनेची पाठ वळली की काढून ठेवायच्या. वजन चढत होतं, ते शिवानीला भूक परत आल्याचं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी ऑक्सिजन काढला. सकाळी अकराच्या सुमाराला मी वॉर्डमध्ये गेले. शिवानी डबा धुवायला गेली होती. मी रागावूनच विचारलं, "का केलंत असं?"

"तुझ्या गोळीनं ते गेले," हौसाबाई म्हणाल्या. आवाज अजून तुटत होता. "माझं बोलायचं राहिलंच की."

आणि मग एकेक श्वास घेत त्यांनी सांगितलं.

"शेवटचं वरीस त्यांनी खुर्चीत काढलं. दाराजवळ. म्या म्हणायची, आडवं व्हा की, कशाची राखण करताय? तर म्हणायचे, हौसा, आडवा झालो की बुडाल्यावानी होतंय. म्या म्हणायची, नाटकं. आता कामाला जायाचं न्हाय, बसून खायाचं, म्हणून नाटकं. मग पाय सुजले. पायताण जाईना. आठ नंबर होता, नवाचं आणलं, मग धाचं. दुकानदार हसला, म्हातारपणी पाय वाढत्यात काय म्हणून. म्याबी हसले. हे आपले कोपऱ्यात उभे, खाली बघत."

त्या थांबल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"टिटवाळ्याला भाचीच्या पोराचं बारसं होतं. म्या निघाले, तर म्हणाले, आज नको जाऊस. असं कवा म्हणाले न्हवते. म्या म्हणलं, तुम्हाला सोबत कशाला लागती? लहान हायसा? आणि गेले. चार वाजता आले तर खुर्चीतच. दार उघडं. तोंड दाराकडं."

शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत होती. हौसाबाईंना त्याचं काही नव्हतं.

"जिते हुते तवा म्या त्यांना सुखानं बसू दिलं न्हाय. आता छातीवर बसत्यात तर बसू देत. कवातरी बोलतील. न्हायतर म्या बोलीन."

नातेवाईकांना काय सांगायचं याचं आम्हाला प्रशिक्षण असतं. तुमची काही चूक नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, वगैरे. ते शब्द तोंडाशी आले आणि तिथेच राहिले.

"त्यांचा कागद भर," हौसाबाई म्हणाल्या.

"काय?"

"तो तुझा कागद. दम लागतो का, पाय सुजत्यात का. त्यांचा भर."

"मावशी, ते नाहीत आता."

"म्हणून तर म्या सांगते. भर."

माझ्या पिशवीत कोरे फॉर्म होते. मेलेल्या माणसाचा फॉर्म भरणं नियमात बसत नाही, पण मी पेन काढलं. "नाव?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तानाजी." मग घसा साफ करून, शाळेत हजेरी द्यावी तसं, "तानाजी बाबूराव जगदाळे."

जिना चढताना दम? व्हय. मधल्या पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधल्यावानी करायचे. वाकल्यावर? व्हय. पाय? सांगितलं की. आडवं झाल्यावर खोकला? व्हय, कोरडा. झोपेतून दचकून उठणं? व्हय. खिडकीशी जाऊन उभे राहायचे. भूक? दोन घास खाल्ले की प्वाट भरायचं, म्या म्हणायची माझ्या हातचं आता आवडत न्हाय. एकही प्रश्न 'नाही'चा निघाला नाही.

"आता काय करता अशा माणसाचं?" त्यांनी विचारलं.

"लगेच रक्त तपासतो. मग इको. मग गोळ्या."

"मग?"

"आडवं होता आलं असतं त्यांना."

"जगले असते?"

मी फॉर्मकडे बघत होते. "खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक, काही वर्षं. आणि इतका त्रास झाला नसता."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, "मग कुणी इचारलं का न्हाय त्यांना?"

तो प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी नौपाड्याला गेले. आमचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा घरोघरी जायचो नाही, शिबिरं घ्यायचो. शहाडला एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर झालेलं, साधारण तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. त्या फाइली मागच्या कपाटात होत्या. मला फक्त एवढंच बघायचं होतं की जगदाळेंचं घर यादीत होतं की नाही. नसेल, असंच मी धरून चालले होते.

होतं. जगदाळे तानाजी बाबूराव, वय त्र्याहत्तर. दम: नाही. सूज: नाही. झोप: व्यवस्थित. पुढील तपासणीची गरज नाही. खाली सही: मे. साळवे.

मी फाइल हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी एकशे बारा माणसं तपासली होती. मी चेहरा आठवायचा प्रयत्न केला. हॉल आठवला, टेबल आठवलं, वजनकाटा आठवला. माणूस आठवेना.

डॉ. समीक्षांनी फाइल वाचली. "मेघना, तेव्हा आपल्याकडे किट मोजकीच होती. लक्षणं सांगणाऱ्यांचंच रक्त तपासायचो. हा माणूस नाही म्हणाला."

"मी पाय बघितले नाहीत, मॅडम."

"एकशे बारा माणसं होती."

"पायाला अंगठा लावायला किती वेळ लागतो?"

फाइल बंद करून त्यांनी माझ्या हातात परत दिली.

हौसाबाई घरी आल्यावर मी शहाडला गेले. सांगायचं की नाही, हे जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ठरलं नव्हतं. शिवानी बाजारात गेली होती. मी फाइलमधल्या कागदाची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली आणि वाचून दाखवली. सहीसकट.

त्या कितीतरी वेळ कागदाकडे बघत होत्या, वाचता येत नसूनही.

"शाळेतलं व्हय? म्या इसरूनच गेले हुते. पंखा बंद होता त्या दिवशी," त्या शेवटी म्हणाल्या. "ती तू? तवा बारीक होतीस." मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे 'न्हाय, न्हाय' त्यांनी न्हवतं म्हणलं. म्या म्हणलं. त्यांनी तोंड उघडलं की म्या आधी बोलायची. चार लोकांत कशाला दुखणी सांगायची? आणि पायात मोजे हुते. लोकरीचे. म्याच घातले हुते, सुजलेलं दिसू नये म्हणून."

"मी मोजे काढा म्हणायला हवं होतं."

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "म्हणायला पायजे हुतं."

खाली कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"मग तुझ्याकडंबी येत असतील," त्या म्हणाल्या.

आबांची मुलगी म्हणून मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मला त्यांचा चेहराच आठवत नाही, मावशी."

त्या उठल्या. भिंतीवरच्या फोटोचा हार काढून त्यांनी खाटेवर ठेवला आणि फ्रेम माझ्या मांडीवर दिली. रुंद कपाळ, बारीक केलेले केस, डाव्या भुवईवर एक जुना व्रण. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते. फोटोच्या चौकटीबाहेर कुणाकडे तरी, परवानगी मागितल्यासारखे बघत होते.

"म्या तिथंच हुते, बाजूला," हौसाबाई म्हणाल्या. "नीट बघ. आता आठवंल." मग हळूच, "तू धर जरा. एकटीनं लई दिस धरलं म्या."

मी बघत असताना त्यांनी डबीतून गोळी काढली, गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

त्यानंतर त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आता थंडीही सरत आली. त्या रात्रीच्या झोपतात, दुपारच्याही झोपतात, जिना एका दमात चढतात. शिवानी म्हणते, आई आता कुणाशी पुटपुटत नाही.

मी काम सोडलं नाही. फक्त फॉर्म भरायची रीत बदलली. आता मी आधी मोजे काढायला सांगते. नवरा-बायको दोघं असतील तर एकाला बाहेर बसवते. दम लागतो का असं विचारत नाही, गेल्या वर्षी काय करत होतात जे आता करत नाही, असं विचारते. डोंबिवलीच्या एका सोसायटीत यामुळेच तीन माणसं सापडली, तिघांनीही आधी सगळ्याला 'नाही' म्हटलेलं. ऑफिसात कौतुक झालं. मला ते ऐकवेना.

सुट्टीच्या दिवशी जेवून आडवी झाले की माझे पाय जड होतात. मी तीन वेळा स्वतःची तपासणी केली. रक्त, इको, सगळं व्यवस्थित. डॉ. समीक्षा म्हणाल्या, थोडी रजा घे. घेतली. रजेत दुपारी मी उशी भिंतीला लावून बसायला लागले.

परवा हौसाबाईंकडे गेले होते. खटावला पुतणीचं लग्न आहे, त्या निघायच्या गडबडीत होत्या, खाटेवर लुगड्यांच्या घड्या पडल्या होत्या. मी नाडी बघितली, घोटे बघितले. बोट रुतलं नाही.

"येत्यात?" त्यांनी घडी घालता घालता विचारलं.

"दुपारचे. कधी कधी."

"काय म्हणत्यात?"

"काही नाही. पायाशी उभे असतात."

हौसाबाईंनी हातातलं लुगडं खाली ठेवलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी दिसली, आणि तिच्याखाली थोडी असूयाही.

"हितं तर येत न्हाईत," त्या म्हणाल्या. "खुर्ची दे त्यांना. उभं ऱ्हायलं की पाय लई दुखायचे त्यांचे."

मग त्या वजनकाट्यावर चढल्या आणि मला आकडा वाचायला सांगितला. एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. मी तो वहीत लिहिला, गावाला नेण्यासाठी पंधरा दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या आणि जिना उतरले.